कोंब फुटलेली कणसं

२०१९ च्या दिवाळीत पाऊस उघडलाच नाही. शेजाऱ्यांनी लक्ष्मीपूजनाच्या पणत्या ओसरीत पार आत सरकवून लावल्या होत्या, तरी निम्म्या विझल्या. तिकडे भोकरदनकडे आमच्या नानांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची, दीड एकर मका सोंगून रानातच पडली होती. "चार दिवस ऊन पडू दे, मशीन बोलावतो," असं ते रोज फोनवर सांगायचे. दहा दिवस तेच वाक्य ऐकलं. अकराव्या दिवशी त्यांनी फोनच उचलला नाही.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या ख्रिस्ती समुदायाचा, हंगामाचा सण असतो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या रविवारी ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं थोडं देवळात आणून वेदीसमोर ठेवायचं. (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) दारात उसाचे आणि केळीचे खांब, आत कापसाची बोंडं, बाजरी, मोसंबी, डांगर, अंडी आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा. हा कोंबडा बरोबर प्रवचनाच्या मध्यावर ओरडतो आणि पेत्राचा विषय नसला तरी सगळ्यांना पेत्र आठवतो, कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य. शहरात राहणारे, ज्यांना शेत नाही, ते तांदळाची पिशवी नाहीतर तेलाचा पुडा आणतात. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात.

त्या वर्षी वेदीसमोर दुकानातल्या पिशव्याच जास्त होत्या. बाजरी होती, पण काळी पडलेली. पहिलं गीत चालू असताना नाना आले. खांद्यावर युरियाची रिकामी गोणी होती, म्हणजे मला ती रिकामी वाटली होती. ते सरळ पुढे गेले, गोणी उपडी केली आणि पंधरा-वीस कणसं फरशीवर सांडली. त्यांनी ती हाताने नीट मांडलीही नाहीत. मागच्या बाकावर येऊन बसले.

मी पुढच्या रांगेत होतो, त्यामुळे जवळून पाहिलं. वरचं पान सोललं होतं. दाण्यादाण्यातून बोटभर हिरवे कोंब वर आले होते आणि खाली पांढऱ्या मुळ्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कणसाला मिशा फुटल्यासारखं वाटावं. आंबूस वास येत होता. दिसायला ते विचित्रपणे ताजंतवानं होतं, हीच त्यातली खोच. बी आपलं काम चोख करत होतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, एकदा कणसांकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि पुढचं गीत सांगितलं.

उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा खास शब्द. बाहेर तो कुणी वापरत नाही. मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द उलटासुलटा करून बघायची खोड आहे. मराठीत ‘उपकार’ हा शब्द जड. उपकार फेडावे लागतात, उपकाराखाली माणूस दबतो, "तुझे उपकार नकोत मला" म्हणून भाऊबंद बोलायचे थांबतात. ‘आभार’ तर भार पोटात घेऊनच आलेला. तो ऐकू येतो कार्यक्रमाच्या शेवटी. आभारप्रदर्शनाला माणूस उभा राहिला की सतरंजीवरचे लोक चपला शोधायला लागतात. घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. लहानपणी ताट वाढल्यावर मी आईला धन्यवाद म्हणालो असतो, तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मग जेवणाआधी डोळे मिटून देवाला मात्र उपकार का म्हणायचे, हे मी एकदा आजीला विचारलं होतं. आईला म्हणत नाही, तर देव काय पाहुणा आहे? आजी चुलीपुढं होती. तव्यावरची भाकर उलटत ती म्हणाली, "आईला दिसतंय तू कुणाचं खातो ते. देवालाबी दिसतंय. तुला दिसतंय का, तेवढं बोल."

आजी शाळेत गेली नव्हती. लग्नानंतर गावात बायबल शिकवायला येणाऱ्या बायबलबाईंकडून ती अक्षरं शिकली. त्यामुळे तिचं वाचन एकाच पुस्तकाचं, पण ते ठणठणीत. रात्री अंथरुणावर बसून ती उपकार मोजायची. चार बोटांची बारा पेरं आणि त्यावरून फिरणारा अंगठा. बारा गोष्टी, त्याही त्याच दिवसाच्या. कालचं आज चालत नसे. अरण्यात इस्राएल लोकांनी उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्नात, म्हणजे देवानं रोज पुरवलेल्या अन्नात, किडे पडले होते, तो दाखला ती द्यायची. "शिळं नको देवाला." तिच्या यादीत थोर असं काही नसायचं. गिरणीत नंबर लवकर लागला. म्हशीनं लाथ मारली नाही. पोराचा ताप उतरला. सातव्या-आठव्या पेरावर अंगठा बऱ्याचदा अडायचा, मग ती बराच वेळ गप्प बसायची. पण ओढूनताणून काही आणत नसे. "आज आठच आहेत देवा. बघ बाबा तू," म्हणायची आणि आडवी व्हायची. त्या ‘बघ बाबा’मध्ये थोडी कुरकुर होती हे मला तेव्हाही कळायचं.

दळण दळायला नेण्याआधी मूठभर ज्वारी ती एका डालड्याच्या डब्यात टाकायची. महिन्याकाठी डबा मंडळीत जाई. मिझोरामच्या मंडळींत घरोघरी रांधण्याआधी मूठभर तांदूळ असाच बाजूला काढतात, त्याला बुहफाई थाम म्हणतात आणि शंभरहून जास्त वर्षं ते चालू आहे, हे मी फार पुढे वाचलं. आजीला मिझोराम कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं. तिला मूठ ठाऊक होती.

तिच्या मोजण्याला एक नियम होता, आणि तो मला १९९३ साली कळला.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. चारच्या सुमाराला किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडामातीची घरं माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी दहा वर्षांचा होतो. जालन्यात आमचं काही पडलं नाही, पण कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. पुढच्या रविवारी देवळात साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, मंडळीतले एक ट्रकवाले काका उभे राहिले. त्या रात्री त्यांचा मुक्काम तिकडच्याच एका गावात पडणार होता. वाटेत गाडीचा पाटा तुटला, रात्रभर रस्त्यात अडकले आणि वाचले. काका रडत होते. "देवानं माझा पाटा तोडला, म्हणून मी आज तुमच्यापुढं उभा आहे." सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. आजीनं म्हटलं नाही. मी तिच्या मांडीला टेकून बसलो होतो, मला बरोबर कळलं.

घरी येताना तिनं रस्ताभर तोंड उघडलं नाही. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "वाचला, चांगलं झालं. लेकराबाळांचा धनी आहे. ‘मी वाचलो’ म्हणावं अन् तिथंच थांबावं. ‘म्हणून’ म्हणू नये."

मला काही कळलं नाही. ती पुढं म्हणाली, "त्या बाकीच्यांचे पाटे तोडायला देवाकडं पाना नव्हता का?"

त्या एका ‘म्हणून’वर मी पुढची तीस वर्षं अडकून आहे. व्याकरणात ते एक साधं उभयान्वयी अव्यय, दोन वाक्यं जोडणारं. पण उपकारस्तुतीत ते शिरलं की देवाचं तोंड एका घराकडे आणि पाठ दुसऱ्या घराकडे होते. आपल्याकडं किती सहज होतं हे! शेजारच्या रानात गारा पडल्या आणि आपलं रान सुटलं, की लगेच ‘देवाची कृपा’. लूकच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात तो परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आहे, त्याची प्रार्थनाही आभारानंच सुरू होते. देवा, मी इतर माणसांसारखा नाही, ह्या जकातदारासारखाही नाही, म्हणून तुझे आभार मानतो. लहानपणी तो आम्हाला गर्विष्ठ म्हणून शिकवला. मला आता वाटतं की तो गर्विष्ठ तर होताच, पण आभार मानताना त्याला शेजारचा माणूस पायरीसारखा लागत होता. जकातदार निघून गेला असता तर त्याला आभार कशाचे मानावे हेच सुचलं नसतं.

आणि नवसाचं काय? आमच्या जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. नारायण शेषाद्री हे जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं जालन्याला काम सुरू केलं आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून हे ख्रिस्ती गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. मूळचं बेथेल उत्पत्तीच्या पुस्तकातलं, जिथं याकोब दगड उशाला घेऊन झोपला आणि त्याला स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली. शिडी सगळ्यांना आठवते. सकाळी उठून त्यानं काय केलं ते आम्ही घाईनं वाचून टाकतो. त्यानं सौदा केला. देवानं मला सांभाळलं, खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर हा माझा देव आणि मिळेल त्याचा दहावा हिस्सा त्याला. आमच्या दशांशाचा हा एक जुना पाया, आणि त्याच्यात ‘जर-तर’ आहे! नवसाला नावं ठेवणाऱ्या आमच्या लोकांना मी हे मुद्दाम वाचून दाखवतो. त्यांना आवडत नाही.

नानांनीही असा एक सौदा केला होता. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. नानांची दोनशे झाडं होती. त्यांनी टँकरनं पाणी घातलं, बायकोची पोत मोडली आणि देवाला सांगितलं, बाग जगव, पहिला तोडा तुझा. बाग जगली नाही. नानांनी झाडं तोडून जळणाला विकली आणि पुढं दोन वर्षं देवळाची पायरी चढले नाहीत. आजी तेव्हा थकली होती, पण तिनं त्यांना एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. "बोलत नाही तो देवाशी. भांडण बी बोलल्यावरच मिटतं," एवढंच.

नाना परत यायला लागले त्या रविवारचं प्रवचन बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायावर होतं. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. दुष्काळी भागात हा उतारा फार चालतो. पण प्रवचनकार नेहमी तिसऱ्या अध्यायावरच उतरतात. पहिल्या अध्यायात हबक्कूकनं किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस, असा देवाला जाब विचारलाय. आधी दोन अध्याय भांडण आहे आणि मग तो ‘तरी’ येतो. ज्यानं भांडणाचे अध्याय जगलेत त्यालाच तो ‘तरी’ शोभतो. महिन्याच्या पगारावर टिकून असलेल्या माझ्यासारख्याच्या तोंडी तो जरा स्वस्त पडतो.

इथं आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी आमच्या प्रवचनात सहसा येत नाही. आमच्यासारखी माणसं ज्या वस्तीतून ख्रिस्ती झाली, तिथं ‘उपकार’ ही दावणीची दोरी होती. पणजोबांनी हक्काचं बलुतंसुद्धा ‘जोहार मायबाप’ म्हणत, वाकून, उपकार म्हणून घेतलेलं. कुणी मान वर केली की ‘उपकार विसरला’. पुढं धर्म बदलला तर ‘पोटासाठी बाटले’ हे ऐकायचं. हे एकदा आजीला तिच्या तोंडावर कुणी म्हणालं, तेव्हा ती चिडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "पोटासाठीच तर. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’, हे मागायलाच त्यानं शिकवलं. दुसरं काय मागायचं?" पुढं १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं. नंतर शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात घेतलं, आम्ही बाहेरच राहिलो. म्हणून कुणी व्यासपीठावरून ‘आहे त्यात समाधान माना, उपकारस्तुती करा’ म्हणाला की माझे कान टवकारतात. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं लिहिलं, ‘सर्व स्थितीबद्दल’ असं नाही. आणि गप्प बसा असं तर कुठंच नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, त्यात रडगाणी किती आहेत! ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिवासुद्धा लावत नाही. तेही देवळातच गायलं जायचं.

माझी पुतणी पुण्यात आयटीत आहे. तिच्या फोनमध्ये एक ॲप आहे, ते रात्री नऊ वाजता विचारतं, आजच्या तीन चांगल्या गोष्टी कोणत्या? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास छापला. काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या आणि काहींना नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. ह्यात मला खोटं काही वाटत नाही. आजीला शांत झोप लागायची, हे मी बघितलंय. पुतणीनं दाखवलं: फिल्टर कॉफी, रूममेट, ऑफिसचा एसी. मी विचारलं, "आभार कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे काय काका? जनरल."

मराठीत ‘आभार मानले’ म्हटलं की ऐकणारा ‘कुणाचे’ विचारणारच, आमच्या षष्ठीला ते चुकत नाही. पण मी तिला हे सुनावलं नाही, कारण पेरांवर अंगठा ठेवून मीही रोज बसतो आणि महिन्यातून वीस रात्री माझं ‘देवा, सगळ्यासाठी, आमेन’ असंच होतं. तेही जनरलच.

तर तो हंगामाचा रविवार. त्या दिवशी प्रभुभोजनही होतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर वाटून घ्यायचा विधी. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हटले: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, आणि उपकारस्तुती करून ती मोडली. ह्याच उपकारस्तुतीला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून जगभर ह्या विधीला युखरिस्त नाव पडलं. लहानपणी मला वाटायचं, येशूनं ज्वारीचीच भाकर मोडली असणार, टम्म फुगलेली, मधून वाफ निघणारी. ताटात मात्र पावाचे तुकडे असायचे, ते मला फसवणूक वाटायचे. हे शब्द मी शेकडो वेळा ऐकलेत. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्या वाक्यात ‘म्हणून’ नाही, ‘तरी’सुद्धा नाही. रात्र कोणती ते सांगितलंय आणि समोर भाकर होती हे सांगितलंय. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय, आमच्या फरशीवरच्या कणसांसारखं.

लिलाव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर करतात. त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. डांगर झालं, अंडी झाली, कोंबडा साडेपाचशेला गेला. मग त्यांनी एक कणीस उचललं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला. बोली कुणी बोलेना. कोपऱ्यात एक पोरगं हसलं, त्याला त्याच्या आईनं चिमटा काढला.

"दहा," मागून नाना म्हणाले.

"नाना, आपलंच पीक आपण कसं घेता?"

"त्याला दिलं नं आता. पाणी त्यानंच ओतलं इतकं. मी कशाला घरी ठेवू?" हे ते कुणाला म्हणाले, कंडक्टरांना की वेदीकडे बघून, ते मला सांगता येणार नाही. तोंडावर हसू नव्हतं.

माझ्या आईनं वीस म्हटलं. मग कुणी तीस. शेवटी एकशेतीसला कणसं आईलाच आली. पाळकसाहेबांनी शेवटच्या प्रार्थनेत पिकासाठी उपकार मानले आणि मग थोडं थांबून म्हणाले, "प्रभू, हे आम्हाला कळलं नाही." एवढंच. ती प्रार्थना मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा आवडली.

घरी आल्यावर आईनं कणसं अंगणात टाकली. कोंबड्यांनी आधी कोंब खुडले, मग दाणे. नाना ओट्यावर चहा घेत बसले. तलाठी पंचनामा करून गेला होता आणि राज्यपालांनी हेक्टरी आठ हजार जाहीर केले होते. "दीड एकराचं किती बसतं रे?" मी सांगितलं, चार हजार आठशे. "बियाणं अन् खत निघंल," म्हणाले, मग थोड्या वेळानं, "खत नाही निघणार." सातबाऱ्याची झेरॉक्स उद्या काढायची ठरली.

त्या रात्री नाना आमच्याकडेच राहिले. लाईट गेली होती. अंधारात बाजूच्या खाटेवर ते बसलेले दिसत होते, एक हात मांडीवर आणि त्यावर अंगठा सरकत होता. आजीला जाऊन पाच वर्षं झाली होती. अंगठा दुसऱ्या बोटावर थांबला. मी वाट बघितली. बाहेर पत्र्यावर पुन्हा दोन थेंब वाजले आणि थांबले.

"पाचच," नाना म्हणाले आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.